इसार देण्याआधी वकील

दिवाळीनंतरच्या आठवड्यात आमच्या कार्यालयात पाय ठेवायला जागा नसते. कोणाला हरभऱ्याचे बियाणे हवे असते, कोणाचा ठिबकचा अर्ज अडलेला असतो. परवा त्या गर्दीत एक ओळखीचे जोडपे बाकावर निमूट बसून होते. बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातली सहा एकरांची शेती, दोघेही कष्टाळू, माझ्या सांगण्यावरून त्यांनी बीजप्रक्रिया सुरू केली त्याला आता बारा वर्षे झाली. सगळे गेल्यावर ते पुढे आले.

"काय आबा, तुरीवर अळी दिसली का?" मी विचारले.

"नाही साहेब, तूर झकास हाय. दुसरंच इचारायचं व्हतं. घराचं."

मुले तालुक्याला खोली घेऊन शिकत आहेत. खोलीचे भाडे परवडेना. तेव्हा गावातले जुने घर विकायचे (राहायला ते शेतावरच गेले आहेत), त्यात सोयाबीनचे पैसे घालायचे आणि बाजारगावी तीन खोल्यांचे घर घ्यायचे, असा बेत. मध्यस्थाने सगळे जुळवून दिले होते. गुरुवारी, बाजाराच्या दिवशी, एक लाख इसार द्यायचा होता. आबा खुशीत होते. वहिनी मात्र पदराचे टोक बोटाला गुंडाळत बसल्या होत्या. शेवटी त्याच बोलल्या, "साहेब, वकील पण मध्यस्थानंच दिलाय. म्हणतो, तुम्हाला येगळा खर्च न्हाई."

हे शेवटचे वाक्य ऐकले आणि मी हातातले अर्ज बाजूला ठेवले. कारण २०१० साली अगदी हेच वाक्य ऐकून मी खूश झालो होतो.

घरे आणि दस्त हा माझ्या खात्याचा विषय नव्हे, हे मला ठाऊक आहे. या पानावर मी पिकांविषयी लिहितो आणि तेच मला येते. पण ठेच लागलेल्याला दगड कुठे आहे एवढे तरी सांगता येते. तेव्हा या आठवड्यात पिकांना सुट्टी.

त्या वर्षी आम्ही एका मोठ्या बाजारगावी घर घेतले. किंमत साडेसहा लाख. भविष्य निर्वाह निधीतून उचल काढली, थोडे कर्ज काढले आणि तरीही कमी पडले तेव्हा आमच्या सौ.ने पाटल्या काढून दिल्या. विकणारा गृहस्थ सज्जन होता, आजही मी त्याला लबाड म्हणणार नाही. त्याच्या नावावर ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा होता, घरपट्टीच्या पावत्या होत्या. वकील त्यानेच आणले. मी तेवढ्यात वेगळ्या वकिलाचे चार-पाच हजार वाचवले. त्या वकिलांनी मला माझे नाव, वय, धंदा आणि चेकचा नंबर विचारला. अर्ध्या तासात खरेदीखत टाइप होऊन आले, दुपारी दुय्यम निबंधकांकडे नोंदणी झाली आणि संध्याकाळी आम्ही पेढे वाटले. इतके झटपट काम करणारा वकील मिळाला म्हणून मी दोघा-चौघांना त्यांचे नावही सुचवले. त्या पापाची बोच अजून जात नाही.

दोन वर्षांनी रजिस्टर पोस्टाने नोटीस आली. विकणाऱ्याच्या धाकट्या बहिणीची. घर त्यांच्या वडिलांनी स्वतःच्या कमाईतून बांधलेले. वडील १९९६ साली वारले, मृत्युपत्र केलेले नव्हते, पुढे आईही गेली. मागे एक भाऊ, दोन बहिणी. म्हणजे घरात तिघांचाही सारखा वाटा. भावाने ग्रामपंचायतीत आपले एकट्याचे नाव लावून घेतले होते आणि ते नाव पाहून मी घर घेतले होते.

इथे थोडा कायदा सांगितला पाहिजे, कारण गावात याबद्दल फार गैरसमज आहेत. वडिलांच्या स्वकष्टाच्या मिळकतीत मुलीला वाटा १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यापासूनच आहे. फक्त राहत्या घराची वाटणी मुलींनी मागायची नाही, भाऊ वाटणी करतील तोवर थांबायचे, असे त्यात एक कलम होते. २००५ च्या दुरुस्तीने ते कलम गेले आणि वडिलोपार्जित मिळकतीतही मुलगी मुलाच्या बरोबरीने हिस्सेदार झाली. ११ ऑगस्ट २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तर स्पष्टच सांगितले की, हा हक्क तिला जन्मानेच मिळतो, २००५ साली वडील हयात असोत वा नसोत. "लग्नात दिलं की सगळं" हे आपण पारावर म्हणतो. कोर्टात ते चालत नाही.

आणि नमुना आठ? तो घरपट्टी कोणाकडून वसूल करायची याचा कागद. मालकी कोणाची हे ठरवणारा नव्हे. गायरानावर बांधलेले घरसुद्धा नमुना आठला चढलेले असते. घरपट्टी भरली म्हणून गायरानाची मालकी काही मिळत नाही.

त्या बाई एकदा स्वतःच आमच्या घरी आल्या. मी ताठरलो होतो. पण त्या उंबऱ्याशीच थांबल्या, माजघराच्या दाराकडे पाहत म्हणाल्या, "या दाराआड मी शाळेचं दप्तर ठेवायची." सौ.ने त्यांना आत बोलावले, चहा केला. त्या गेल्यावर मला म्हणाली, "अहो, त्यांची काय चूक आहे? त्यांना कोणी विचारलंच नाही." मला उत्तर सुचले नाही.

मग मी माझा स्वतःचा वकील केला. बाजारपेठेमागच्या बोळात एका जिन्यावर त्यांची कचेरी. माझी कागदांची पिशवी त्यांनी बाजूला ठेवली आणि प्रश्न विचारायला सुरुवात केली. घर विकणाऱ्याकडे कसे आले? बांधले कोणी, जागा कोणाची? वडील केव्हा वारले? मागे कोण कोण? बहिणी किती, त्यातली कोणी वारली असेल तर तिची मुले कोण? घरात आणखी कोणी राहते का, भाडेकरू होता का? घरावर पतसंस्थेचे, बँकेचे कर्ज? वाट कोणाच्या जागेतून? मी एकेका प्रश्नाला "ते काही माहीत नाही" म्हणत गेलो आणि माझे मलाच कळत गेले की, मी साडेसहा लाखांचे घर बैलाचे दात न पाहता घेतले आहे.

हेच प्रश्न दोन वर्षे आधी कोणी विचारले असते तर त्या बहिणीची सही व्यवहारातच झाली असती, तिचे पैसे तिला भावाकडून मिळाले असते. आता थोरल्या बहिणीने भावाकडे पाहून हक्क सोडला. तोही नोंदणी करूनच घ्यावा लागला. धाकटीच्या हिश्श्याचे दोन लाख मला मोजावे लागले. "काही हरकत निघाल्यास विकणार भरपाई देईल" असे माझ्या खरेदीखतात छापील वाक्य होते. पण विकणाऱ्याने पैसे विहिरीत घातले होते आणि विहिरीला पाणी लागले नव्हते. त्याच्यावर दावा लावून मी काय वसूल करणार? पाटल्या मात्र पुन्हा झाल्या नाहीत.

आमच्याकडे एखादा शेतकरी पान घेऊन येतो आणि म्हणतो, "फवारा सांगा." पान हातात घ्यायच्या आत औषधाचे नाव लिहून देणारा माणूस दुकानदाराचा असतो. ज्याला रोग ओळखायचा आहे तो आधी विचारतो: पेरणी केव्हाची, पाणी किती दिलेत, आधी काय फवारले, शेजारच्या रानात काय आहे? वकिलाची पारखही मी आता अशीच करतो. पहिल्या भेटीत तो किती बोलतो हे पाहू नका, किती विचारतो ते पाहा.

आबांचा पहिला प्रश्न होता, "मग बाँड लिहिणाऱ्याकडून लिहून घेतलं तर?" तहसील कचेरीच्या आवारात टेबल मांडून बसणारे दस्तलेखक आपल्या कामात तरबेज असतात. चतुःसीमा, मुद्रांक, साक्षीदार, सगळे बिनचूक लिहितात. पण तुम्ही सांगाल ते ते लिहितात. सांगणाऱ्याचे खरे आहे की नाही हे पाहणे त्यांचे काम नाही. दुय्यम निबंधकांचेही नाही. शंभर रुपयांपासून पुढच्या स्थावर मिळकतीची खरेदी १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे नोंदवलीच पाहिजे हे खरे. पण नोंदणी झाली म्हणजे सरकारने मालकीची हमी दिली असे मुळीच नाही. माझ्याही दस्तावर सरकारी शिक्के होते की!

बँकेवर विसंबणारेही पुष्कळ भेटतात. "बँकेने कर्ज दिले म्हणजे कागद चोखच असणार." बँकेचा वकील बँकेचे पैसे बुडू नयेत म्हणून कागद पाहतो. तो तुमचा वकील नव्हे. त्याचप्रमाणे विकणाऱ्याचा वकील विकणाऱ्याचा, मध्यस्थाने आणलेला मध्यस्थाचा. व्यवहार पार पडला तरच मध्यस्थाला दलाली मिळते, मग त्याच्या माणसाने "हे घर घेऊ नका" असे का सांगावे? दलाल पाठवून गिऱ्हाईक गोळा करायला बार कौन्सिलच्या नियमांनीच वकिलांना मनाई आहे. तेव्हा कोर्टाच्या दारात कोणी तुमचा हात धरून "चला, आमचे साहेब आहेत" म्हणू लागला तर हात सोडवून घ्या.

वकील निवडायचा तो दिवाणी कामाचा. ज्याच्या खुनाच्या खटल्यातल्या उलटतपासणीची गावभर चर्चा आहे, तो मोठा वकील खराच, पण तुमचे काम वेगळे आहे. घरादाराचे जुने कागद रोज हाताळणारा, त्याच तालुक्यात वर्षानुवर्षे बसणारा शांत माणूस हवा. आमच्या मराठवाड्यात तर आणखी एक गोष्ट. निजामाच्या वेळची कागदपत्रे उर्दूत आहेत. जुना व्यवहार निघाला तर ती वाचणारा मुनशी कुठे भेटेल हे तिथल्या जुन्या वकिलालाच ठाऊक असते. पश्चिम महाराष्ट्रात हीच गत मोडीची. शहरातून आणलेला सुटाबुटातला वकील इथे अडतो.

नात्यातला वकील असेल तर? मला विचाराल तर जपून. फी विचारायला संकोच, कामाला उशीर झाला तर बोलायला संकोच, आणि काम बिघडले तर लग्नकार्यात तोंड चुकवायचे. पण हा ज्याचा त्याचा प्रश्न.

सनद आहे का हे विचारायला लाजू नका. कोणत्या तरी राज्याच्या बार कौन्सिलकडे नाव नोंदलेले असल्याखेरीज कोणाला वकिली करता येत नाही. काळा कोट शिंपीही शिवून देतो. आपल्या गावात ज्यांनी पाच-सात वर्षांत घर घेतले त्यांना विचारा की, काम कोणी केले आणि पुढे काही निघाले का? यातला दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा. माझ्या खरेदीच्या संध्याकाळी मला विचारले असते तर मी त्या झटपट वकिलांची स्तुतीच केली असती.

फी आधी ठरवावी आणि सुटी सुटी विचारावी: शोध घेण्याचे किती, वर्तमानपत्रातल्या जाहीर नोटिशीचे किती, दस्त तयार करण्याचे किती, नोंदणीच्या दिवशी हजर राहण्याचे किती. "सगळे मिळून एवढे द्या, मी पाहतो" असे कोणी म्हणाला की त्यात मुद्रांकाचे किती आणि त्यांचे किती हे कळत नाही. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी सरकारजमा होते, त्याच्या चलनावर आपले नाव असते. ती चलने मागून घ्या. साधारणपणे तीस वर्षांचा शोध घेतात. शोधाला सरकारी फी भरावी लागते, त्याची पावती अहवालासोबत लावलेली आहे का ते पाहा. पावती नसेल तर शोध खुर्चीत बसूनच घेतला असेल असे खुशाल समजा.

आणि शोधाचा अहवाल स्वच्छ आला म्हणूनही निश्चिंत होऊ नका. निबंधकांच्या पुस्तकात नोंदलेले दस्त दिसतात. जन्ममृत्यू दिसत नाहीत. माझ्या घराचा कितीही शोध घेतला असता तरी त्या धाकट्या बहिणीचे नाव त्यात सापडले नसते. ती सापडली असती ती फक्त "बहिणी किती?" या प्रश्नाला. म्हणून चांगला वकील वंशावळ मागतो, आणि ती घेणाऱ्याला नव्हे, विकणाऱ्याला समोर बसवून विचारतो.

जागेचा प्रकार काय, हाही वकिलाने विचारायचा प्रश्न. गावठाणातली आहे की शेतातला गुंठा-दीड गुंठा तोडून दिलेली? तशी असेल तर १९४७ चा तुकडेबंदीचा कायदा आणि त्यातले पुढचे बदल पाहावे लागतात. धरणग्रस्तांना किंवा घरकुलासाठी सरकारने दिलेले भूखंड बरेचदा परवानगीशिवाय विकता येत नाहीत. गावठाणातल्या घरांना आता मिळकत पत्रिका मिळू लागल्या आहेत, केंद्राची स्वामित्व योजना २४ एप्रिल २०२० ला सुरू झाली त्यातून. ज्या गावात मोजणी होऊन पत्रिका आल्या आहेत तिथे नमुना आठवर भागवू नये, पत्रिका मागावी. अर्थात पत्रिकेत भावाचेच नाव असले तरी बहिणींचा प्रश्न विचारायचाच.

हे सगळे ऐकून आबा म्हणाले, "म्हंजे घेताना वकील लागतो. इकताना काय, पैसं मोजून घ्यायचं." इथेही मला त्यांना थांबवावे लागले. त्यांचे गावातले घर घेणारा माणूस पुण्याला नोकरीत. त्याने निम्मी रक्कम रोख देऊ केली होती आणि बाकीची "सहा महिन्यांत", तोवर आबांनी त्याला मुखत्यारपत्र करून द्यायचे आणि किल्ली द्यायची! २०१५ च्या जूनपासून घराजमिनीच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून अधिक रोख घ्यायला आयकर कायद्याने बंदी आहे, आणि दंड होतो तो घेणाऱ्याला, घेतले तेवढाच. दोन्हीकडे निव्वळ शेतीचे उत्पन्न असेल तर सवलत आहे, पण पुण्याचा नोकरदार त्यात बसत नाही. मुखत्यारपत्राने मालकी जात नाही असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली स्पष्ट केले आहे. पण ते हाती असलेला माणूस तुमच्या नावाने काय काय सह्या करील त्याला तुम्ही बांधले जाता. किल्ली गेली, पैसे अडकले आणि घरात माणूस घुसला की मग दावा. सहा महिन्यांची मुदत पाळली नाही तर इसाराचे काय, हे कागदावर लिहून घ्यायला विकणाऱ्यालाही स्वतःचा वकील लागतो.

आणि तो लागतो केव्हा? आपण सगळे वकिलाकडे जातो ते खरेदीच्या दिवशी. तेव्हा इसार देऊन झालेला असतो, पाहुण्यांना सांगून झालेले असते, मुलांनी कोणती खोली कोणाची हेही ठरवलेले असते. अशा वेळी वकिलाने खोट दाखवली तरी आपल्याला ऐकायची नसते. वकिलाकडे जायचे ते इसाराच्या आधी. इसारपावतीच त्याच्याकडून लिहून घ्यावी: हरकत निघाली किंवा वारसांच्या सह्या झाल्या नाहीत तर इसार अमुक दिवसांत परत, एवढे तरी तिच्यात हवे. खरेदीखताचा मसुदाही आदल्या दिवशी घरी आणावा, रात्री जेवणानंतर मुलांकडून मोठ्याने वाचून घ्यावा. शाळकरी पोरही "बाबा, इथे पूर्वेला आपलाच रस्ता लिहिलाय, तिथे तर गिरणी आहे" असे सांगते. मसुदा घरी न्यायला नकार देणारा वकील मी तरी करणार नाही.

फी झेपणारच नसेल तर दिवाणी न्यायालयाच्या आवारात तालुका विधी सेवा समिती असते. १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रियांना, तसेच अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना, उत्पन्न कितीही असले तरी तिथे मोफत कायदेशीर मदत मागता येते. ही गोष्ट गावात बायकांना कोणी सांगत नाही. वहिनींनी ती दोनदा विचारून घेतली.

त्या दोघांना मी जिन्यावरच्या त्या वकिलांकडे पाठवले. ते आता थकले आहेत, काम त्यांची मुलगी पाहते. आबा परवा बियाण्याला आले तेव्हा जरा चिडलेलेच होते. त्या वकीलबाईंनी त्यांना दीड तास बसवून ठेवले आणि विकणाऱ्या दुकानदाराला वंशावळ मागितली. त्यात एक बहीण निघाली, सुरतेला दिलेली. तिची सही झाल्याशिवाय इसार नाही, असे वकीलबाईंनी सांगून टाकले. मध्यस्थ रागावला आहे, गिऱ्हाईक दुसरे आहे म्हणतो. पुण्याच्या माणसालाही मुखत्यारपत्र देणार नाही म्हणून कळवले आहे. त्याचे उत्तर आलेले नाही. सुरतेची बाई संक्रांतीला माहेरी येणार आहे. तोवर मुले भाड्याच्या खोलीत आणि लाख रुपये बँकेत.

"आन् गेलं घर हातचं तर?" आबांनी मला विचारले.

मी काही बोलायच्या आधी वहिनी म्हणाल्या, "जाऊ द्या. तवर हरभऱ्याचं बी घ्या, वापसा हाय."

पुढच्या अंकात घाटे अळी. ज्यांचा हरभरा महिन्याचा झाला असेल त्यांनी तोवर रानात पक्ष्यांना बसायला काठ्या रोवून ठेवाव्यात.